शोथरोधी नैसर्गिक द्रव्ये

शोथरोधी नैसर्गिक द्रव्ये : वनस्पती किंवा प्राणी यांच्यापासून मिळणारी आणि शरीरात वेदना व शोथ (दाहयुक्त सूज) निर्माण करणाऱ्या एंझाइमांच्या (जीवरासायनिक विक्रिया जलद घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या) कार्यात बदल घडवून आणणारी द्रव्ये. विलोच्या सालीतील सॅलिसीन, हळदीतील कुर्क्युमीन, सालईच्या डिंकातील बॉस्वेलिक अम्ले, आल्यातील जिंजेरॉले, ऑलिव्ह तेलातील ओलिओकँथॉल आणि माशांच्या तेलातील काही वसाम्ले ही यांची प्रमुख उदाहरणे होत. यांपैकी काहींचा वापर हजारो वर्षांपासून होत आला असला, तरी त्यांचा एंझाइमांशी असलेला संबंध १९७१ नंतरच उलगडत गेला. त्यामुळे या द्रव्यांचा इतिहास हा एका परीने अनुभवातून आलेले ज्ञान आणि प्रयोगाने सिद्ध झालेले ज्ञान यांच्यातील अंतराचा इतिहास आहे.

प्राचीन काळ : लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही शोथाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस यांनी इ. स. पहिल्या शतकात नोंदविली. ईजिप्तमधील एबर्स पपायरस (इ. स. पू. सु. १५५०) या वैद्यकीय हस्तलिखितात विलोचा उल्लेख आढळतो. सेल्सस यांच्याच शतकातील ग्रीक वैद्य डायॉस्कोरिडीझ यांनी आपल्या औषधिग्रंथात विलोची पाने व साल यांचे उपयोग सांगितले असून त्यांत गाऊट या सांधेदुखीच्या विकाराचाही समावेश आहे.

भारतात चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधांचे गुणांनुसार दहा-दहांचे गट केलेले असून त्यांत ‘श्वयथुहर’ (सूज कमी करणारी) व ‘वेदनास्थापन’ (वेदना शमविणारी) असे दोन स्वतंत्र गट आहेत. श्वयथुहर गटातील दहा द्रव्ये म्हणजेच पुढे दशमूळ या नावाने प्रसिद्ध झालेला समूह होय. वेदनास्थापन गटात ‘वंजुल’ हे एक नाव येते. काही अभ्यासकांच्या मते वंजुल म्हणजे वेतस किंवा वाळुंज, म्हणजे विलोच्याच प्रजातीतील वृक्ष असावा. तथापि या ओळखीबाबत एकमत नाही. महाराष्ट्रात नद्या-ओढ्यांच्या काठी वाळुंज आढळतो. हळद व सालईचा डिंक (शल्लकी) यांचे उल्लेखही आयुर्वेदीय ग्रंथांत आहेत. मुका मार लागल्यास किंवा पाय मुरगळल्यास आंबेहळद उगाळून तिचा गरम लेप लावण्याचा प्रघात मराठी घरांतून चालत आलेला आहे.

अशा परंपरागत उपयोगांत एक मर्यादा असे. लेप लावल्यावर सूज उतरली, तर ती लेपाने उतरली की काळ गेल्यामुळे आपोआप उतरली, हे ठरविण्याचे साधन वैद्याजवळ नव्हते. ताप, मुरगळणे, सांधेदुखी यांसारखे विकार पुष्कळदा स्वतःहूनच कमी होतात. त्यामुळे खरोखर गुणकारी द्रव्ये व निरुपयोगी द्रव्ये परंपरेत शेजारीशेजारी टिकून राहिली.

एडवर्ड स्टोन यांचा प्रयोग : विलोच्या सालीची पद्धतशीर परीक्षा प्रथम इंग्लंडमध्ये झाली. ऑक्सफर्डशर परगण्यातील चिपिंग नॉर्टन येथील धर्मोपदेशक एडवर्ड स्टोन यांनी एकदा विलोची साल सहज चाखून पाहिली असता तिची विलक्षण कडू चव त्यांच्या लक्षात आली. हिवतापावर त्या काळी सिंकोनाची साल वापरीत. ती दक्षिण अमेरिकेतून येत असल्याने महाग पडे व तिची चवही अशीच कडू असे [⟶ सिंकोना]. शिवाय रोग जेथे उद्भवतो तेथेच त्याचे औषधही निसर्गाने ठेवलेले असते, असा समज तेव्हा प्रचलित होता. हिवताप दलदलीच्या प्रदेशात होतो व विलोही तेथेच वाढतो, हे स्टोन यांना अर्थपूर्ण वाटले. त्यांनी साल भट्टीजवळ तीन महिन्यांहून अधिक काळ वाळवून तिचे चूर्ण केले आणि पाच वर्षांत सु. ५० रुग्णांना ते दिले. मात्रा अल्प प्रमाणापासून सुरू करून हळूहळू वाढविली. २५ एप्रिल १७६३ रोजी त्यांनी हा वृत्तांत पत्ररूपाने रॉयल सोसायटीला कळविला.

स्टोन यांचे अनुमान चुकीच्या गृहीतावर उभे होते. सिंकोनातील क्विनीन हिवतापाच्या परजीवीवर परिणाम करते. विलोच्या सालीत तसा गुण नाही, ती केवळ ताप व वेदना कमी करते. असे असूनही मात्रा मोजणे, रुग्णांची संख्या नोंदविणे आणि निष्कर्ष प्रसिद्ध करणे या गोष्टींमुळे त्यांच्या पत्राला औषधिविज्ञानाच्या इतिहासात महत्त्वाचे स्थान मिळाले.

सॅलिसीनपासून ॲस्पिरिनापर्यंत : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतींतील क्रियाशील द्रव्ये शुद्ध स्वरूपात वेगळी करण्याचे तंत्र विकसित झाले. म्यूनिक येथील योहान आंड्रेआस बुख्नर यांनी १८२८ मध्ये विलोच्या सालीतून एक कडू पिवळसर पदार्थ मिळविला व त्याला सॅलिसीन हे नाव दिले. पुढील वर्षी आंरी लरू या फ्रेंच औषधनिर्मात्यांनी तो अधिक शुद्ध स्फटिकरूपात मिळविला. सॅलिसीन हे ग्लायकोसाइड (शर्करायुक्त संयुग) असून १८३८ मध्ये इटालियन रसायनशास्त्रज्ञ राफ्फाएले पिरिया यांनी त्यापासून सॅलिसिलिक अम्ल तयार केले. याच सुमारास मेडोस्वीट या यूरोपीय वनस्पतीच्या फुलांपासूनही हेच अम्ल मिळाले.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान कोल्बे यांनी फिनॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून सॅलिसिलिक अम्लाचे संश्लेषण साधले आणि १८७४ मध्ये फ्रीड्रिख फोन हायडेन यांनी ड्रेझ्डेनजवळ त्याचे कारखान्यात उत्पादन सुरू केले. औषध स्वस्त झाल्यामुळे त्याच्या चाचण्याही वाढल्या. स्कॉटलंडमधील डंडी येथील वैद्य टॉमस मॅक्लॅगन यांनी १८७६ मध्ये तीव्र संधिज्वरावर सॅलिसीन गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. औषध रुग्णाला देण्यापूर्वी त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले होते. विलोची निवड करताना मात्र त्यांनीही स्टोन यांच्यासारखाच दमट भूमीचा तर्क केला होता. त्याच वर्षी बर्लिन येथे श्ट्रिकर व रीस यांनी सॅलिसिलिक अम्लाविषयी तसेच निष्कर्ष मांडले.

सॅलिसिलिक अम्ल व त्याची लवणे दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत घ्यावी लागत. त्यांमुळे मळमळ, जठराची जळजळ व कानांत आवाज होणे असा त्रास होई. हा त्रास कमी करण्याच्या प्रयत्नातून बायर या जर्मन कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स होफमान यांनी १० ऑगस्ट १८९७ रोजी शुद्ध ॲसिटिल सॅलिसिलिक अम्ल तयार केल्याची नोंद आहे. हेच संयुग अशुद्ध स्वरूपात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल झेरार यांनी १८५३ मध्येच तयार केले होते. हे काम आपल्या मार्गदर्शनाखाली झाले होते, असे त्याच कंपनीतील आर्थर आयखेनग्रून यांनी १९४९ मध्ये लिहिले. ते ज्यू होते व नाझी राजवटीत त्यांना टेरेझिनश्टाट येथील छळछावणीत डांबण्यात आले होते. औषधांच्या इतिहासाचे अभ्यासक वॉल्टर स्नीडर यांनी २००० मध्ये त्यांच्या म्हणण्यास पुष्टी दिली. बायरने मात्र ते अमान्य केले. १८९९ मध्ये हे औषध ‘ॲस्पिरीन’ या नावाने विक्रीस आले. या नावातील ‘स्पिर’ हा अंश मेडोस्वीटच्या त्या काळच्या ‘स्पायरिया’ या प्रजातिनामावरून घेतलेला आहे.

एंझाइमाचा शोध : ॲस्पिरीन जगभर वापरले जात असूनही ते नेमके काय करते, हे पाऊणशे वर्षांपर्यंत कळलेले नव्हते. स्वीडिश शास्त्रज्ञ उल्फ फोन ऑयलर यांनी १९३५ मध्ये वीर्यात आढळणाऱ्या एका क्रियाशील द्रव्याला ‘प्रोस्टाग्लँडिन’ हे नाव दिले. पुढे सूने बेरिस्ट्रम व बेंग्ट साम्युएलसन यांनी अशा अनेक द्रव्यांची संरचना निश्चित केली. कोशिकापटलातील ॲराकिडॉनिक अम्ल या वसाम्लापासून सायक्लो-ऑक्सिजनेज या एंझाइमाच्या साहाय्याने ती तयार होतात, असे आढळले [⟶ प्रोस्टाग्लँडिने]. इजा झालेल्या जागी ती रक्तवाहिन्या प्रसरण पावण्यास मदत करतात, तंत्रिकांची (मज्जांची) वेदनेबाबतची संवेदनशीलता वाढवितात आणि मेंदूत ताप निर्माण करतात.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समधील जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये गिनीपिगच्या फुप्फुसाच्या कोशिकाविरहित द्रावणात ॲस्पिरीन मिसळून प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती थांबते, असे दाखवून दिले. ताप, वेदना व सूज यांवरील ॲस्पिरिनाचे परिणाम आणि त्यामुळे जठराला होणारी इजा या दोहोंचेही स्पष्टीकरण या एकाच क्रियेने झाले. कारण जठराच्या अस्तराचे रक्षणही प्रोस्टाग्लँडिनांमुळेच होत असते. बेरिस्ट्रम, साम्युएलसन व व्हेन यांना १९८२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

१९७५ मध्ये रॉथ व माजेरस यांनी अधिक सूक्ष्म माहिती मिळविली. ॲस्पिरीन आपला ॲसिटिल गट एंझाइमाच्या रेणूवर कायमचा जोडून देते. रक्तातील बिंबाणूंना केंद्रक नसल्यामुळे नवे एंझाइम तयार करता येत नाही. म्हणून त्यांच्यावरील परिणाम त्यांच्या सु. ७ ते १० दिवसांच्या संपूर्ण आयुष्यभर टिकतो व रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती कमी होते. हृदयविकाराच्या तीव्र झटक्याची शंका असलेल्या १७,१८७ रुग्णांवरील एका आंतरराष्ट्रीय चाचणीत (१९८८) रोज १६० मिग्रॅ. ॲस्पिरिनाने रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. एंझाइमास कायमचा अडसर घालणारा ॲसिटिल गट विलोच्या सालीत नसतो. तो रसायनशास्त्रज्ञांनी जोडलेला आहे. सालीतील सॅलिसिनाचे आतड्यात विघटन होऊन व यकृतात ऑक्सिडीभवन होऊन सॅलिसिलिक अम्ल बनते. ते शुद्ध एंझाइमावर ॲस्पिरिनापेक्षा पुष्कळच क्षीण परिणाम करते. त्यामुळे विलोची साल म्हणजे नैसर्गिक ॲस्पिरीन, हे वारंवार केले जाणारे विधान अचूक नाही. कंबरदुखीच्या २१० रुग्णांवरील एका चाचणीत (२०००) रोज २४० मिग्रॅ. सॅलिसीन पुरविणारा सालीचा अर्क घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के, तर औषधी गुण नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ६ टक्के रुग्ण चौथ्या आठवड्यात वेदनामुक्त झाले. एवढ्या सॅलिसिनापासून रक्तात येणारे सॅलिसिलिक अम्ल सु. ८७ मिग्रॅ. ॲस्पिरिनापासून येणाऱ्या अम्लाइतकेच भरते व ही मात्रा वेदनाशमनास अपुरी आहे. यावरून सालीतील इतर घटकांचाही परिणामात वाटा असावा, असे मानतात.

हळद : हळदीतील कुर्क्युमीन हा पिवळा रंजक पदार्थ फोगेल व पेल्त्ये यांनी १८१५ मध्ये वेगळा केला. त्याची संरचना १९१० मध्ये पोलिश रसायनशास्त्रज्ञांनी निश्चित केली. लखनौ येथील केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतील श्रीमल व धवन यांनी १९७३ मध्ये कुर्क्युमिनाचा शोथरोधी गुण प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवून दिला. त्यानंतर १९८० मध्ये संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णांवरील व १९८६ मध्ये सातोसकर, शहा व शेणॉय यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या शोथावर केलेल्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. या चाचण्यांचे निष्कर्ष आशादायक असले, तरी त्यांतील रुग्णांची संख्या अल्प होती. प्रयोगनलिकेत कुर्क्युमीन हे सायक्लो-ऑक्सिजनेज व लिपॉक्सिजनेज या दोन्ही एंझाइमांना रोधते.

अडचण आहे ती शरीरात. हळदीत कुर्क्युमीन वजनाने सु. ३ टक्केच असते. आतड्यातून त्याचे शोषण अत्यल्प होते व यकृत त्याचे झपाट्याने रूपांतर करते. बंगलोर येथील संशोधकांनी १९९८ मध्ये २ ग्रॅ. कुर्क्युमिनाबरोबर मिऱ्यातील पिपेरीन २० मिग्रॅ. दिल्यास त्याची रक्तातील उपलब्धता सु. वीसपट वाढते, असे दाखविले. कुर्क्युमीन अस्थिर असून अनेक प्रकारच्या प्रयोगनलिकीय चाचण्यांत भ्रामक अनुकूल निष्कर्ष देते, असा इशारा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने २०१७ मध्ये दिला. दुसरीकडे, शोषण वाढविलेल्या तीव्र पूरकांमुळे यकृताला इजा झाल्याच्या घटना इटलीत २०१९ मध्ये व त्यानंतर अमेरिकेतही नोंदल्या गेल्या. स्वयंपाकात चिमूटभर वापरली जाणारी हळद आणि गोळीतील घन अर्क या औषधिक्रियेच्या दृष्टीने दोन भिन्न वस्तू आहेत, हे यातून स्पष्ट होते.

हळदीच्या संदर्भात ज्ञानाच्या मालकीचा प्रश्नही उपस्थित झाला. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याबाबतचे एकस्व (पेटंट) १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास देण्यात आले. मूळचे गोव्यातील माशेलचे रघुनाथ अनंत माशेलकर तेव्हा भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये या एकस्वास आव्हान दिले आणि जुने संस्कृत ग्रंथ व १९५३ मधील एक भारतीय वैद्यकीय निबंध यांसह लेखी पुरावे सादर केले. १९९७ मध्ये एकस्व रद्द झाले. पिढ्यान्‌पिढ्या मुखोमुखी चालत आलेले ज्ञान अशा वादात पुरेसे ठरत नाही, त्याला लिखित आधार लागतो, हा धडा यातून मिळाला. पुढे २००१ मध्ये भारतात पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले.

सालई व इतर द्रव्ये : ॲराकिडॉनिक अम्लापासून शोथकारक द्रव्ये तयार होण्याचा दुसरा मार्ग ५-लिपॉक्सिजनेज या एंझाइमाचा आहे. या मार्गाने ल्यूकोट्राइने तयार होतात व दम्यात त्यांचा महत्त्वाचा वाटा असतो. ॲस्पिरीन या मार्गाला रोधीत नाही. सालई हा महाराष्ट्राच्या शुष्क पानझडी जंगलांत आढळणारा वृक्ष असून त्याच्या खोडाला चिरा पाडून सुगंधी डिंक मिळवितात. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सिंग व अटल यांनी १९८६ मध्ये या डिंकाच्या अर्काचा शोथरोधी गुण प्रसिद्ध केला. त्यानंतर जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील साफायी, आमोन इत्यादींनी १९९२ मध्ये त्यातील बॉस्वेलिक अम्ले ५-लिपॉक्सिजनेजला रोधतात, असे दाखविले. ही अम्लेही आतड्यातून अल्प प्रमाणात शोषली जातात. त्यामुळे रुग्णाला आढळणारा गुण याच एंझाइमामुळे येतो की अन्य मार्गाने, याविषयी मतभेद आहेत.

आल्यातील जिंजेरॉले प्रोस्टाग्लँडिनांच्या निर्मितीस रोधतात, असे जपानी संशोधकांनी १९८२ मध्ये दाखविले. ताज्या ऑलिव्ह तेलामुळे घशाला जाणवणारी झणझण आयबुप्रोफेन या औषधाच्या द्रावणासारखीच असल्याचे अमेरिकन शास्त्रज्ञ गॅरी बोशँप यांच्या लक्षात आले आणि त्यावरून २००५ मध्ये ओलिओकँथॉल हे सायक्लो-ऑक्सिजनेजरोधी द्रव्य उजेडात आले. तथापि ५० ग्रॅ. तेलातून मिळणारी त्याची मात्रा आयबुप्रोफेनाच्या प्रौढांसाठीच्या मात्रेच्या सु. १० टक्केच असते. डॅनिश वैद्य बांग व ड्यूअरबेर यांनी १९७० पासून ग्रीनलंडमधील एस्किमोंच्या आहाराचा व रक्ताचा अभ्यास केला. त्यांच्या मत्स्यप्रधान आहारातील आयकोसापेंटीनॉइक अम्ल हे एंझाइमासाठी ॲराकिडॉनिक अम्लाशी स्पर्धा करते व त्यापासून कमी तीव्र द्रव्ये तयार होतात, ही कल्पना त्यातून पुढे आली.

धोके व मूल्यमापन : एंझाइम रोधले म्हणजे केवळ हितच होते, असे नाही. १९९१ मध्ये सायक्लो-ऑक्सिजनेजचे दुसरे रूप सापडले. शोथाच्या जागी मुख्यत्वे हे रूप वाढते, म्हणून केवळ त्यालाच रोधणारी औषधे जठराला निर्धोक ठरतील, अशी अपेक्षा होती. अशा औषधांपैकी रोफेकोक्सिब १९९९ मध्ये प्रचारात आले. परंतु त्यामुळे हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांचा धोका वाढतो, असे आढळल्याने सप्टेंबर २००४ मध्ये ते मागे घेण्यात आले. रक्तवाहिन्यांचे रक्षण करणारे एक प्रोस्टाग्लँडिनसदृश द्रव्यही याच एंझाइमामुळे तयार होत असते. ॲस्पिरीनही या नियमाला अपवाद नाही. विषाणुजन्य ताप आलेल्या मुलांत ते दिल्याने यकृत व मेंदू यांना इजा करणारा रे लक्षणसमूह उद्भवू शकतो, हे १९८०–९० या दशकात स्पष्ट झाल्यावर मुलांच्या तापात त्याचा वापर बंद करण्यात आला.

नैसर्गिक द्रव्यांनाही हाच न्याय लागू पडतो. जे द्रव्य एंझाइमावर परिणाम करण्याइतके प्रभावी असेल, ते अनिष्ट परिणाम करण्याइतकेही प्रभावी असू शकते. विलोची साल ॲस्पिरिनाची अधिहृषता (ॲलर्जी) असलेल्यांना घातक ठरू शकते. रक्तक्लथनरोधी औषधे घेणाऱ्यांनी, शस्त्रक्रिया व्हावयाची असलेल्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी अशी पूरके वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेणे धोक्याचे असते. पुष्कळ देशांत पूरकांना औषधांप्रमाणे विक्रीपूर्व गुणसिद्धी करावी लागत नसल्याने एकाच नावाच्या दोन उत्पादनांतील क्रियाशील घटकांचे प्रमाणही सारखे असेल, याची खात्री नसते.

परंपरेने दाखविलेली दिशा बहुधा संशोधनाचा आरंभबिंदू ठरते, निष्कर्ष नव्हे. विलोच्या सालीबाबत कडू चवीपासून एंझाइमापर्यंत पोहोचण्यास १७६३ ते १९७१ अशी दोनशेहून अधिक वर्षे लागली. हळद व सालई यांच्या बाबतीत प्रयोगनलिकेतील एंझाइम आधी सापडले. रुग्णाला होणारा निश्चित लाभ मोठ्या व दीर्घ मुदतीच्या चाचण्यांनी सिद्ध करण्याचे कार्य मात्र अद्याप पूर्ण व्हावयाचे आहे.